श्वासांचा रकाना

त्या बाईचा विषय निघाला की अजून माझं डोकं सणकतं. वीस वर्षं उलटून गेली, तरी सणकतं. ती आमच्या कॅज्युअल्टीची सिस्टर इन्चार्ज होती. आम्ही नर्सेस तिला तोंडावर ‘मॅडम’ म्हणायचो आणि पाठीमागे काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जुन्या वरिष्ठांबद्दल लिहिताना ‘त्या’ म्हणायची पद्धत आहे. असू दे. मी ‘ती’च म्हणणार.

मी वर्ध्याकडची. नर्सिंगचा डिप्लोमा तिकडच्याच एका सरकारी दवाखान्यात केला. एकटीने चाळीस-चाळीस पेशंटचा वॉर्ड ओढून हात तयार झालेला होता, आणि त्याचा मला माजही होता. हडपसरला तेव्हा रोज काहीतरी नवीन उगवत होतं. काल जिथे ऊस उभा होता तिथे आज काचेची इमारत, आणि तिच्यातून गळ्यात कार्डं अडकवलेली पोरंपोरी बाहेर पडायची. तसल्याच एका उसाच्या वावरात हे नवं हॉस्पिटल उभं राहिलं. जाहिरात वाचली आणि पेटी घेऊन आले. मोठ्या भावाशी कडाक्याचं भांडण करून आले. तो म्हणाला होता, “तिकडे तुले कोण विचारते? दोन महिन्यांत रडत येशील.” मी म्हटलं, “आली तर तुह्या दारात नाही येणार.” सहा महिने प्रोबेशन होतं. त्यानंतर इन्चार्ज एका कागदावर शेरा लिहिणार, आणि त्या शेऱ्यावर पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. घर म्हणजे भावाचंच दार, दुसरं नव्हतं. त्यामुळे त्या सहा महिन्यांत मला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. मला पक्कं व्हायचं होतं.

आणि तो शेरा त्या बाईच्या हातात होता!

ती कोथरूडहून स्कूटरवर यायची. अख्खं शहर ओलांडून यायची, पण पावणेआठच्या ठोक्याला हजर. कडक इस्त्री, केसांचा घट्ट अंबाडा आणि बोलणं असं की सुई टोचली तर बरी. पहिल्याच दिवशी विचारलं, “आपण कुठून आलात?”

“वर्ध्याहून आली, मॅडम.”

“चालत का? दहा मिनिटं उशीर झालाय.”

ती सगळ्यांना ‘आपण’ म्हणायची. ‘आपण’ हा शब्द इतक्या अपमानकारक रीतीने वापरता येतो हे मला पुण्यात येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे राग आला तर माणूस सरळ शिवी देतो, मोकळा होतो आणि संध्याकाळी चहाला बोलावतो. इथे शिवीसुद्धा घडी घालून देतात. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, “बीपी घेऊन राहिली, मॅडम.” तिने वर न बघता म्हटलं, “राहू नका. घ्या आणि पुढच्या पेशंटकडे जा.” दोन दिवस सगळा स्टाफ मला ‘राहू नका’ म्हणत होता.

दुपारी दोन वाजता, सकाळच्या ड्युटीवाल्या दुपारच्यांना पेशंट समजावून, म्हणजे ओव्हर देऊन झाल्या की, तिचा अर्ध्या तासाचा वर्ग असायचा. बसायचं नाही. ट्रॉलीभोवती उभं राहायचं, आणि आमच्यातल्याच एकीने पेशंट म्हणून झोपायचं. आलेल्या पेशंटला पहिल्या टेबलावर बघून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवायचं, त्याला ट्राएज म्हणतात. लाल चिकटपट्टी म्हणजे आत्ता, या क्षणी. पिवळी म्हणजे अर्ध्या तासात. हिरवी म्हणजे बाहेर खुर्चीवर थांबला तरी चालेल. ही पट्टी डॉक्टर लावत नाही, नर्स लावते. “पेशंट काय सांगतो ते नंतर ऐका, आधी त्याच्याकडे बघा,” हे ती रोज सांगायची. आणि सगळ्यात जास्त पिडायची ती श्वासावरून. पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. पेशंटचं मनगट धरायचं, म्हणजे त्याला वाटतं नाडी बघताहेत, आणि आपली नजर त्याच्या छातीवर ठेवायची. कारण श्वास मोजताहेत असं कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

आता खरं सांगते. श्वास कुणी मोजतच नाही. मी जिथे शिकले तिथे कुणी मोजत नव्हतं आणि इथेही, ती बाई सोडून, कुणी मोजत नव्हतं. तापाला थर्मामीटर आहे, बीपीला मशीन आहे, नाडीला निदान हात तरी लावावा लागतो. श्वासाला फक्त एक मिनिट लागतं आणि तेच कुणाकडे नसतं. मग आम्ही काय करायचो? रजिस्टरमध्ये श्वासांच्या रकान्यात अठरा लिहायचं. खाली वीस. परत अठरा, परत वीस. मध्येच एखादा सोळा, चवीपुरता. हातासरशी सकाळीच वरपासून खालपर्यंत रकाना भरून ठेवला की दिवसभर कटकट नाही. ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही, कुणाकडून लपवलीही नाही. हाताखालून हाताखाली चालत आलेली.

दुसऱ्या महिन्यात तिने मला पकडलं. सकाळी साडेआठची वेळ, पेशंट आलेले तीन, आणि माझा रकाना पानाच्या तळापर्यंत भरलेला. तिने रजिस्टर उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वा! बाकीचे पेशंट अजून घरी चहा पिताहेत आणि आपल्याला त्यांचे श्वास कळलेसुद्धा. इथे कशाला वेळ घालवता? लक्ष्मी रोडवर ज्योतिषाची पाटी लावा.”

सगळे हसले. ट्रॉली ढकलणारे मामा हसले, झाडू मारणाऱ्या मावशी हसल्या. मग तिने मला बाहेरच्या खुर्च्यांसमोर स्टूलवर बसवलं. संध्याकाळपर्यंत. आल्यागेल्या प्रत्येकाचे श्वास मोजायचे आणि लिहायचे, मग तो पेशंट असो, नातेवाईक असो की गेटवरचा वॉचमन. व माय! काय तो दिवस! पोरं माझ्याकडे बोट दाखवत होती. ज्यांचं वावर विकून हॉस्पिटल झालं त्या घरातला एक माणूस बोट मुरगळलं म्हणून आला होता. गळ्यात सोन्याचा गोफ. तो ओरडला, “ओ सिस्टर, काय टकमक बघताय? आन आमाला थांबवता व्हय? आमच्याच जमिनीवर हाय ह्ये हॉस्पिटल!” बाई आतून आली, त्याच्या बोटाकडे पाहिलं, हिरवी पट्टी लावली आणि म्हणाली, “जमीन आपली होती, रांग आमची आहे. बसा.” तो बसला. मला तेव्हा तिचं कौतुक वाटायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. नाही वाटलं. मी स्टूलवर बसून फक्त एवढंच म्हणत होते की हिचं वाटोळं होवो.

चौथ्या महिन्यात कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर एक मॅनेजर आला, तिशीतला, टाय लावणारा, आधी कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता. ट्राएजच्या टेबलावर स्क्रीन बसली. सगळे रकाने भरल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही, आणि कोपऱ्यात एक घड्याळ असायचं. पेशंट टेबलाशी आल्यापासून दोन मिनिटं झाली की ते लाल व्हायचं. मॅनेजर अधूनमधून टेबलाशी उभा राहून कोणाला किती वेळ लागतो ते टिपायचा, आणि दर आठवड्याला त्याचा कागद नोटीस बोर्डावर लागायचा. बाईने आमच्यासमोरच त्याला धरलं. “एक मिनिट श्वासाला जातं. उरलेल्या एका मिनिटात बीपी, नाडी, ताप, तक्रार आणि टायपिंग? आपण कधी माणसाला हात लावून बघितलाय का?”

तो हसून म्हणाला, “मॅडम, प्रोसेस आहे. फॉलो करा ना प्लीज. बाकी स्टाफला तर जमतंय.”

बाकी स्टाफ म्हणजे मी. माझा वेळ सगळ्यात कमी होता. त्या महिन्यात बोर्डावर माझा फोटो लागला, ‘स्टार ऑफ द मंथ’ म्हणून. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला चांगलं म्हटलं होतं. बाई त्या फोटोसमोर उभी राहिली, चष्मा पुसला आणि निघून गेली. मला आतून गुदगुल्या झाल्या.

एक गोष्ट राहिली. प्रोबेशनवाल्यांना कॉम्प्युटरचा स्वतंत्र पासवर्ड मिळालाच नाही. आयटीवाले आज देतो, उद्या देतो करत राहिले. म्हणून बाई रोज सकाळी तोंड वाकडं करून स्वतःचा पासवर्ड टाकायची आणि टेबल आमच्या ताब्यात द्यायची. दिवसभर जे टाइप होईल ते तिच्या नावावर जायचं. हे चूक आहे हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही, पण दारात पेशंट उभा असला की असल्या गोष्टी मागे पडतात.

पाचव्या महिन्यातला सोमवार होता. सकाळी अकराच्या सुमारास सोलापूर रस्त्यावर टेम्पो आणि मोटरसायकलची धडक झाली, आणि दोघांना एकदमच आणलं. बाई आणि डॉक्टर आत गुंतले. टेबलावर मी एकटी होते. रांग दारापर्यंत गेली होती. त्या रांगेत एक मुलगी होती, तेवीस-चोवीसची, गळ्यात निळ्या पट्टीचं कंपनीचं कार्ड, हातात पाण्याची बाटली. एकटीच रिक्षाने आली होती. म्हणाली, “ॲसिडिटी झाली आहे, ताई. परवापासून उलट्या होऊन राहिल्या.”

होऊन राहिल्या! माझ्याच मुलखाची होती. मी काय करायला हवं होतं? निदान विचारायचं होतं, कोणत्या गावची गं तू? त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, “मग परवापासून आपण काय करत होतात?” त्या बाईचाच सूर, जसाच्या तसा. मुलगी ओशाळली. म्हणाली, “प्रोजेक्टची डेडलाइन होती.” आणि बाटली तोंडाला लावली. ती तोंड उघडं ठेवून, खोल, लांब श्वास घेत होती. मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. मला वाटलं घाबरली असेल, धावत आली असेल. कोपऱ्यातलं घड्याळ लाल व्हायला आलं होतं. मी अठरा टाकलं, हिरवी पट्टी लावली आणि खुर्चीकडे बोट केलं. “थँक्यू ताई,” म्हणाली.

तास-सव्वा तास ती त्या खुर्चीवर होती. झोपलेली दिसत होती, म्हणून कुणी उठवलं नाही. मग बाई आतून हात पुसत बाहेर आली, खुर्च्यांसमोरून जाता जाता थबकली, त्या मुलीच्या तोंडाशी वाकली आणि जोरात ओरडली, “ट्रॉली!” तिला असं ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मुलीच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. साखर इतकी चढली होती की हातातलं मशीन आकडाच दाखवेना. तिला मधुमेह आहे हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. अशा माणसाचं रक्त आंबत जातं आणि शरीर ते खोल श्वासांनी बाहेर टाकायची धडपड करतं. बाईने ट्रॉलीबरोबर धावताधावताच मोजलं. मिनिटाला छत्तीस. “हिला हिरवी कुणी लावली?” तिने विचारलं. पण उत्तरासाठी ती थांबली नाही.

मुलगी बुधवारी दुपारी आयसीयूतच वारली. तिचे आईवडील मंगळवारीच रेल्वेने आले होते. वडील आमच्या टेबलाशी येऊन मला म्हणाले, “बाई, इथं आली तेव्हा बोलत होती का ते?”

मी म्हटलं, “हो.”

“तरास होता का लय?”

मी म्हटलं, “नाही, काका. ॲसिडिटी आहे म्हणाली.” त्यांनी मान हलवली आणि हात जोडले. मला. मला हात जोडले त्यांनी! त्यानंतर मी लिनन रूममध्ये जाऊन किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

चौकशी तिसऱ्या मजल्यावर झाली. मॅनेजर, मेट्रन आणि एक मोठे डॉक्टर बसले होते, टेबलावर छापील कागद होता. वेळ, हिरवी पट्टी, श्वास अठरा, खाली इन्चार्जचं नाव. मला विचारलं, त्या वेळी टेबलावर कोण होतं? बाई माझ्या समोर, हाताच्या अंतरावर बसली होती.

मी म्हटलं, “सोमवार होता, सर. गर्दी होती. आम्ही सगळ्या आळीपाळीने बसत होतो.”

हे खोटं मी घाबरून बोलले हे खरं आहे. नोकरी जाईल, पेटी घेऊन परत जावं लागेल, ते सगळं डोळ्यांपुढे होतं. पण नुसतं घाबरून नाही. ते वाक्य बोलताना मला बरंही वाटलं. ज्योतिषाची पाटी, ते स्टूल, ते हसणं, सगळं फिटलं असं वाटलं. तीन दिवसांपूर्वी एक मुलगी गेली होती आणि मला हे फेडून घ्यायचं सुचत होतं. मी तशी होते.

त्यांनी बाईला विचारलं, “ही एन्ट्री तुमची?”

“पासवर्ड माझा आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे एन्ट्री तुमचीच?”

“त्या टेबलावर जे होतं त्याची जबाबदारी माझी.” मॅनेजरला एवढंच पाहिजे होतं. त्याने ते भराभर लिहून घेतलं. महिनाअखेरीला तिने जावं असं ठरलं.

बाहेर जिन्यात तिने मला थांबवलं. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मला ‘तू’ म्हणाली. “मी तुला वाचवलं असं समजू नकोस. पासवर्ड दिला ही माझी चूक, ती मी घेतली. तुझी चूक वेगळी आहे. ती मी वेगळ्या कागदावर लिहिणार आहे.”

आणि लिहिली. शेवटच्या दिवशी तिने माझा प्रोबेशनचा कागद भरला. अक्षर सुरेख होतं तिचं, त्याचाही मला रागच यायचा. लिहिलं होतं: ‘ही नर्स न मोजता लिहिते. हिला इमर्जन्सीत ठेवू नये. कायम करू नये.’ नियमाप्रमाणे मला ते वाचून खाली सही करायची होती. मी सही केली. तिने कागद लिफाफ्यात घातला, स्कूटरची किल्ली उचलली आणि गेली. कुणी निरोपसमारंभ केला नाही. आम्ही कुणी दारापर्यंतही गेलो नाही.

मी खोलीवर जाऊन कपडे पेटीत भरले. आता काही उरलंच नव्हतं. आठवडाभर मी रोज ड्युटीला जात होते आणि रोज वाटत होतं, आज बोलावतील. एका दुपारी मॅनेजरने बोलावलं. त्याच्यासमोर तो कागद होता.

“हे बघा, हा रिमार्क आम्ही कन्सिडर करत नाही आहोत,” तो म्हणाला. “ज्यांच्या स्वतःवरच ॲक्शन झाली, त्यांचा शेरा कसा धरणार? शिवाय त्यांचा तुमच्यावर राग होता, सगळे सांगतात. तुमचे नंबर्स तर बेस्ट आहेत.” त्याने तो कागद दोनदा फाडला, बादलीत टाकला आणि पक्क्या नोकरीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. “आणि सोमवारपासून नवीन बॅचला ट्राएज तुम्हीच शिकवा.”

माझ्याबद्दल कुणी खरं लिहिलं असेल तर ते त्या बादलीत होतं, आणि ते तिथे मीच पोचवलं होतं. चौकशीत एक शब्द खरा बोलले असते तर तो कागद फाटला नसता. मी म्हटलं, “थँक्यू, सर.”

तेव्हापासून मी शिकवते आहे. ते हॉस्पिटल सोडलं, दुसरीकडे गेले, तिथेही शिकवते. वर्ग ट्रॉलीभोवती, उभ्याने. पूर्ण एक मिनिट, मनगट हातात, नजर छातीवर. मुली घड्याळाकडे बघत चुळबुळ करतात. मग मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगते. निळी पट्टी, पाण्याची बाटली, सगळं. एका नर्सने न मोजता अठरा लिहिलं, हिरवी लावली आणि ती पोर गेली, असं सांगते. आणि प्रत्येक बॅचमध्ये, न चुकता, एक तरी मुलगी विचारते, “मॅडम, मग त्या नर्सचं काय झालं?”

“तिला काढून टाकलं,” मी सांगते.

मुलींना बरं वाटतं. मी पुढचा धडा घेते.